अक्षर माझं, सही सरांची

४ मार्च, सोमवार

"नर्सला भरती असते गं पोरी, बढती नसते." माझ्या पहिल्या वॉर्डच्या इनचार्ज सिस्टर म्हणाल्या होत्या, इंजेक्शनच्या ट्रेवरून नजरही न उचलता. मी तेव्हा विशीत. हसले होते. वाटलं, बाई थकल्यात.

आज मुख्य कार्यालयात जाऊन आले. नर्स प्रॅक्टिशनरचा कोर्स होऊन दीड वर्ष झालं, पगार अजून स्टाफ नर्सचाच – असं का, एवढंच विचारायचं होतं. कारकुनानं चष्मा कपाळावर चढवला. "सिस्टर, कोर्स आहे, सर्टिफिकेट आहे, तुम्ही आहात. पदच नाही. मग पगार कुठल्या खान्यात टाकू?" म्हटलं, काम तर करतेच आहे. "काम काय हो, सगळेच करतात!"

घरी येऊन ह्यांना सांगितलं. म्हणाले, "अर्धी डॉक्टर झालीस म्हणून पगारही अर्धाच वाढवतील वाटलं होतं. तेवढाही नाही?" मला हसवायला म्हणाले. कोर्सची दोन वर्षं स्वयंपाक, आमच्या चिऊचा अभ्यास, माझ्या सासूबाईंचं आजारपण, सगळं ह्यांनी काढलं. 'एकदा कोर्स होऊ दे' हे आमच्या घरातलं परवलीचं वाक्य होतं. गीझर बदलू – एकदा कोर्स होऊ दे. फिरायला जाऊ – एकदा कोर्स होऊ दे.

झाला कोर्स.

७ मार्च, गुरुवार

आज भलतंच झालं. आमच्या छोट्या दवाखान्याची पद्धत अशी – डॉक्टर, म्हणजे आमचे सर, तीन दवाखाने बघतात, इथे फक्त सोमवारी येतात. जाताना कोऱ्या चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर सह्या करून ठेवतात. बाकीचे दिवस पेशंट मी तपासते, निदान माझं, औषध मी लिहिते, खाली सही सरांची. कोर्समध्ये हेच शिकवलं, नेहमीचे आजार स्वतः बघायचे, स्वतःच्या सहीनं औषध द्यायचं. पण पदच नाही म्हटल्यावर सहीला किंमत कुठली?

तर आज गर्दीत सरांच्या सहीच्या चिठ्ठीऐवजी साधा कागद ओढला आणि खाली झोकात माझी सही केली. अगदी परीक्षेत करायचे तशी. म्हातारे आजोबा औषधाच्या खिडकीवरून परत आले. मागोमाग फार्मासिस्ट डोकावला. "सिस्टर, ऑटोग्राफ नको, औषध लिहून द्या!" सगळी बाकं हसली. तो वाईट नाही. त्याचं नेहमीचंच आहे – "अक्षर बाईंचं, सही साहेबांची, शिव्या मला."

मीही हसले. मग आत जाऊन उगाच हात धुतले. खूप वेळ.

१५ मार्च, शुक्रवार

जाहिरात आली आहे! नर्स प्रॅक्टिशनरची पदं. खरोखरची. वेतनश्रेणी वेगळी, पुढे वरिष्ठ पदाची सोय. तीनदा वाचली. अट – कोर्स, आणि किमान एक वर्ष स्वतंत्रपणे रुग्ण तपासल्याचा अनुभव, संबंधित डॉक्टरांच्या प्रमाणपत्रासह. एप्रिलअखेर मुदत. वयाची मर्यादाही आहे. मी या खेपेला जेमतेम बसते. पुढच्या खेपेला बसणार नाही.

घरी कुणाला सांगितलं नाही.

१६ मार्च

सांगितलं. पोटात राहीना.

१८ मार्च, सोमवार

सरांना विचारलं. शेवटचा पेशंट गेल्यावर, चहा घेताना.

सर वाईट माणूस नाहीत, हे आधी लिहून ठेवते. कधी आवाज चढवत नाहीत. येताना सगळ्यांसाठी बिस्किटं आणतात. तीन दवाखाने त्यांना कुणी हौसेनं दिलेले नाहीत. पण कप खाली ठेवून म्हणाले, "सिस्टर, तुम्ही सगळे पेशंट तपासता असं मी लिहून दिलं, तर 'मग तुम्ही काय करत होता' असं मला विचारतील ना?"

मी बिस्किटांचा पुडा दुमडून ठेवला.

"आणि कागद कुठेय? प्रत्येक चिठ्ठीवर माझी सही आहे."

"हो सर. अक्षर माझं आहे."

"अक्षराला कोण विचारतं!" मग माझा चेहरा बघून नरमले. "बरं, मी चांगलं प्रमाणपत्र देतो की. छान लिहितो."

दिलं. प्रामाणिक, कष्टाळू आणि मितभाषी.

मितभाषी!

२० मार्च, बुधवार

कपाटातले चिठ्ठ्यांच्या नकलांचे गठ्ठे बघत बसले. ते बाळ, ज्याचा कान फुटला होता. ती मुलगी, जिला मी बळजबरीनं मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. किती माणसांच्या छातीला कान लावला मी. आणि कागदोपत्री यांतल्या एकालाही मी कधी भेटलेले नाही.

कोर्समधल्या मैत्रिणीचा परदेशातून फोन आला होता. तिथे तिच्या खोलीच्या दारावर तिचं नाव आहे. म्हणाली, "तू पण निघ गं." चिऊची बारावी, सासूबाई अंथरुणाला, आणि माझी पाठ – यांना कुठल्या बॅगेत भरू? आमच्यातली दुसरी परत ऑपरेशन थिएटरमध्ये गेली, तिसरी कॉलेजात शिकवते – हाच कोर्स! नव्या मुलींना.

चिऊ जेवताना म्हणाली, "आई, मी नर्सिंगचा फॉर्म भरू का?" आणि माझ्या तोंडून "नको" निघून गेलं. इतकं पटकन की मीच दचकले. ती म्हणाली, "पण तुला तर आवडतं ना?" आवडतं. तीच तर अडचण आहे.

३ एप्रिल, बुधवार

नीट लिहायला हवं.

काल सकाळी एक रंगारी आला होता, घरं रंगवणारा. घसा सुजलेला, ताप. मी अँटिबायोटिक लिहून दिलं. दुपारी पहिली गोळी घेतली आणि ओठ, डोळे सुजले, श्वास लागला. शेजाऱ्यांनी मोठ्या हॉस्पिटलात नेलं. वाचला. वाचला!

आज त्याची बायको सांगायला आली. भांडायला नाही, सांगायला. त्याला या औषधाचा त्रास आहे. पूर्वीही झाला होता.

कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का, हे मी रोज विचारते. पहिला प्रश्न असतो तो माझा. काल विचारला होता का? बाहेर रांग दारापर्यंत. एक बाळ सारखं रडत होतं. विचारला असेल. विचारलाच असेल.

आठवत नाही.

४ एप्रिल, गुरुवार

हॉस्पिटलात जाऊन आले. तो उशीला टेकून बसला होता. मला बघून हसायचा प्रयत्न केला. "ओठ बघा सिस्टर, कुणाचे तरी उसने आणल्यासारखे दिसतायत." बायको म्हणाली, "गप बसा हो, बोलू नका."

मी विचारलं, "दादा, मी तुम्हाला ॲलर्जीचं विचारलं होतं का?"

त्यानं आधी बायकोकडे बघितलं. मग म्हणाला, "सांगणार होतो मी. पण तुम्ही घाईत होता."

एवढंच. आवाजात राग नाही. राग असता तर बरं झालं असतं.

९ एप्रिल

तक्रार झाली. रंगाऱ्यानं नाही, त्याच्या मेव्हण्यानं केली. बरोबरच आहे.

११ एप्रिल, गुरुवार

मुख्य कार्यालयातल्या अधीक्षकांनी बोलावलं. टेबलावर सरांचा लेखी खुलासा. त्यांनी मोठ्यानं वाचला – "सदर दवाखान्यात गेले दीड वर्ष सोमवार वगळता सर्व रुग्णांना सिस्टर स्वतंत्रपणे तपासतात, निदान करतात व औषध लिहितात. यात माझा सहभाग नसतो."

मी म्हटलं, "परत वाचता का?"

त्यांना वाटलं मला धक्का बसला. पाणी मागवलं. मला खरंच ऐकायचं होतं. गेल्या महिन्यात चहाच्या कपामागे अडकलेलं वाक्य! एक शब्द इकडचा तिकडे नाही. तारखेसकट, सहीसकट. मला द्यायचं म्हणून नाही, माझ्यावर ढकलायचं म्हणून.

मग अधीक्षक पंखा थोडा कमी करून समजुतीनं बोलले. "सह्या करून ठेवल्याबद्दल त्यांना विचारूच आम्ही. पण तुम्ही कशाला अडकता? 'डॉक्टरांनी फोनवर सांगितलं तसं लिहिलं' असं द्या. हा खुलासा बाजूला ठेवू; तेही नाही म्हणणार नाहीत, बोलणं झालंय. तुम्हाला समज देऊ, वॉर्डात परत घेऊ. संपलं." सोमवारपर्यंत लेखी उत्तर द्यायचं आहे.

"आणि तपासलं मीच असं दिलं तर?"

"तर चौकशी. पगारवाढ थांबेल, निलंबनही होऊ शकतं. सिस्टर, उगाच शहाणपणा नको."

१३ एप्रिल, शनिवार

हे म्हणाले, "लिही ना फोनवर सांगितलं म्हणून! कोण विचारतंय? वॉर्ड तर वॉर्ड, महिन्याच्या महिन्याला पगार तर येतो." बरोबर आहे त्यांचं. दोन वर्षं डाळ-भात शिजवणाऱ्या माणसाला एवढं म्हणायचा हक्क आहे.

पण ते लिहिलं की दीड वर्षात मी कुणालाच तपासलं नाही. ना कान फुटलेलं बाळ, ना ती मुलगी. मी नुसती फोन कानाला लावून बसले होते. माझ्याच सहीनं.

आणि मग त्या रंगाऱ्याला विचारायचंही माझ्याकडून राहिलं नाही. किती सोपं! चूकही सरांची, मीही सरांची.

१४ एप्रिल

दिवसभर काही सुचलं नाही. सासूबाईंची चादर बदलताना त्या म्हणाल्या, "तुझे हात आज गार का?" आणि मला रडू फुटलं. त्यांना वाटलं माझी पाठ दुखतेय. पाठच म्हटलं.

१५ एप्रिल, सोमवार

दिलं उत्तर. कारकुनानं उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं. "सिस्टर, अजून फाडता येईल," म्हणाला. हळूच. म्हटलं, राहू द्या.

लिहिलंय असं – होय, रुग्णाला मी तपासलं. निदान माझं, औषध मी लिहिलं. ॲलर्जीबद्दल विचारायला हवं होतं, ते मी विचारलं नाही. डॉक्टरांचा फोन आला नव्हता.

खाली आणखी एक परिच्छेद आहे. तो वाचून अधीक्षक काय म्हणतील ते मला आत्ताच ऐकू येतंय. तरी लिहिला. 'डॉक्टरांच्या खुलाशाची एक प्रत, कार्यालयाच्या शिक्क्यासह, मला मिळावी ही विनंती. नर्स प्रॅक्टिशनर पदाच्या अर्जाला अनुभवाचा दाखला म्हणून जोडायची आहे.'