लाइलचा उजवा हात

२९ ऑगस्ट

माझ्यावर घोर अन्याय झालेला आहे आणि त्याची दाद कुठल्याही कोर्टात लागणार नाही. डाव्या हातावरचे केस संपले! देवाने बाईला मनगटापासून कोपरापर्यंत जी काही लव दिली, तेवढ्यावरच बाणाची धार तपासायची, आणि ती पुन्हा उगवेपर्यंत नाताळ उजाडणार. धनुष्यबाणाच्या शिकारीचा हंगाम मात्र पंधरवड्यावर आलाय. पुरुषांचं बरं आहे. माझ्या नवऱ्याच्या, लाइलच्या, हातांवर तर मेंढ्या चरतील.

आणि हे सगळं कशासाठी? ऑर्विल गुलसेथच्या टेकडीसाठी. त्या टेकडीवर दर वर्षी एकालाच बाणाने शिकार करू देतात ते. हंगामाच्या आदल्या दिवशी त्यांच्या ओट्यावर जायचं, बाणाचं टोक त्यांच्या हाती द्यायचं. ते बाही वर करतात, टोक स्वतःच्या हातावरून फिरवतात. केस साफ निघाले तर टेकडी तुमची. नाहीतर घरी जा. "हरणाला कळायच्या आत संपलं पाहिजे," एवढंच म्हणतात.

गेल्या वर्षी माझं टोक फिरवून म्हणाले, "पोरी, याने पावाला लोणी लाव." टेकडी गेली त्यांच्या पुतण्याला — मर्लला! वर्षभर हा मर्ल चर्चच्या कॉफीला माझ्यापुढे लोण्याची बशी सरकवतोय. न बोलता. नुसता हसत.

यंदा नाही! यंदा ओकची झाडं हरणांना आवडणाऱ्या फळांनी नुसती लगडलीत, आणि तो वाकड्या शिंगाचा नर रोज संध्याकाळी टेकडीच्या उतारावर येतो. दुर्बीण मी भांडी घासायच्या जागीच ठेवलीय. भांडी तशीच राहतात.

३१ ऑगस्ट

धार लावायचं पहिलं यंत्र आणलं. एक खाच आहे, तीत पातं घालून ओढायचं. खोक्यावर लिहिलंय, 'तीन ओढींत वस्तरा!' लिहिणाऱ्याने बहुधा दोन पात्यांचीच टोकं पाहिलेली. माझ्या टोकाला तीन पाती! तिसरं पातं खाचेबाहेर अडकून बसलं — लग्नाच्या जेवणात नवऱ्याची आधीची बायको बसावी तसं.

परत करायला गेले तर दुकानातली डोरीन म्हणते, "खोलून वापरलंस ना? मग आता ते तुझं, मार्लिस. सुखाने नांदा."

२ सप्टेंबर

मर्लने त्याचं विजेवर फिरणाऱ्या पट्ट्याचं यंत्र स्वतःहून आणून दिलं. इथेच कळायला हवं होतं.

ठिणग्या! काय ठिणग्या उडाल्या! मजा आली, खोटं कशाला लिहू. लहान मुलासारखी ओरडत होते मी. यंत्र थांबवलं तेव्हा पातं कडेला निळं पडलं होतं. निळं म्हणजे पोलाद मेलं. त्यावर धार चढेल, पण टिकणार नाही. एक टोक कचऱ्यात.

संध्याकाळी मर्लचा फोन. "काय मार्लिसबाई, लोणी बाहेर काढून ठेवू का?"

"तुझं यंत्र घेऊन जा आणि ऑर्विलना माझा नमस्कार सांग," मी म्हटलं.

"काकाचं हल्ली काही खरं नाही. चर्चला येत नाही, भर उन्हात लोकरीची टोपी घालून बसतो. म्हातारपण, दुसरं काय!"

लोकरीची टोपी! या वयात माणसाला वाटेल ते घालावं. मला काय, बाही वर करता आली म्हणजे झालं.

उजव्या हातावर डाव्या हाताने तपासायला गेले. केस निघाले, कातडीही थोडी निघाली. दोन्ही हात खलास.

४ सप्टेंबर

लाइलचा डावा हात संपला.

६ सप्टेंबर

सापडलं! सापडलं!!

गेले दोन दिवस मी एका शिकंज्याच्या उपकरणाची जाहिरात वाचत होते — पातं कसायचं, कोन मोजायचा, दांडी सरकवायची. विमान चालवायला शिकणं त्याहून सोपं असावं. आणि आज कॉफी पिताना टोक टेबलावर आडवं पडलं, तेव्हा दिसलं. तीनपैकी दोन पाती टेबलाला अगदी चपखल टेकलेली! म्हणजे कोन टोकाच्या अंगातच आहे. मला खाच नको, चाक नको, शिकंजा नको. मला फक्त सपाट काहीतरी हवं!

धावत डोरीनकडे. हिऱ्याच्या चुऱ्याची पोलादी पट्टी आणली — एक बाजू खरखरीत, एक बारीक. पात्यांच्या कडा काळ्या मार्करने रंगवल्या, टोक आडवं ठेवून घासलं. शाई गेली ती फक्त अगदी पुढे, अणीपाशी. म्हणजे गेल्या वर्षी मी नुसतं नाक घासत होते, बाकीची धार कोरीच! घासत राहिले. शाई मागे मागे सरकत गेली, आणि शेवटी सगळी गेली. मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले. कुत्रा उठून दुसऱ्या खोलीत गेला.

७ सप्टेंबर

अजून पुरतं नाही. ताणलेल्या रबरावर धार टेकवली तर रबर क्षणभर विचार करतं, मग तुटतं. विचार करता कामा नये. कडेला बोट फिरवलं की पोलादाचं बारीक कुसळ लागतं. ते चामड्यावर ओढून काढायला हवं, न्हावी वस्तरा ओढतो तसं.

घरात चांगलं चामडं एकच. ते फळीवर खिळ्यांनी ठोकलं.

८ सप्टेंबर, रविवार

"माझा पट्टा पाहिलास का?"

"कुठला?"

"चर्चचा. चामड्याचा. माझ्याकडे एकच आहे, मार्लिस."

काय सांगणार! लाइल सगळ्या प्रार्थनांना एक हात खिशात घालून उभा राहिला. शेवटच्या गाण्याला सगळ्यांनी दोन्ही हात वर केले. त्याने एकच केला. पाळकबाई नंतर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "घरी सगळं ठीक आहे ना?"

१० सप्टेंबर

रबर आता विचार करत नाही! टेकवायच्या आत तुटतं! कागद नुसता स्वतःच्या वजनाने चिरत जातो!

पण केसांचं काय? केसांवरच तर सगळं आहे, आणि या घरात केस उरलेत फक्त एका जागी.

"लाइल, जरा उजवा हात दे."

"नाही."

"इंचभर."

"अगं, पट्टा दिला. डावा हात दिला. पिसं काढलेल्या कोंबडीसारखा दिसतो मी. हा एक हात तरी माणसाचा राहू दे."

बरं. नको देऊ.

१२ सप्टेंबर

उद्या! मर्ल आज दुकानात भेटला, बशीशिवाय. "तयारी?" म्हणाला. मी म्हटलं, "काकांना सांग, हातावर पट्टी बांधायची सोय करून ठेवा." हसला नाही. बघितलंस!

लाइल म्हणतो तोही येणार. "बघायला," म्हणे.

१३ सप्टेंबर, संध्याकाळ

ऑर्विलनी टोक घेतलं, उजेडात धरलं आणि बाही वर केली. हात गुळगुळीत. एक केस नाही. ते स्वतःच त्याकडे बघत राहिले, जणू विसरूनच गेले होते. मग टोपी काढली. डोक्यावर काही नाही. भुवयाही नाहीत. इतका वेळ मी फक्त टोकाकडे बघत होते.

"दर मंगळवारी ला क्रॉस शहरातल्या इस्पितळात केमोची नळी लावतात. जुलैपासून. या हाताने यंदा काही कळायचं नाही, पोरी."

मर्लही आपलं टोक घेऊन आला होता; त्याने ते खिशात घातलं. त्यालाही माहीत नव्हतं. मी माझे हात पुढे केले, मग मागे घेतले. बोडके दोन्ही.

लाइलने उजव्या बाहीचं बटण काढलं आणि हात कठड्यावर ठेवला. "हा घ्या. कोरा आहे."

ऑर्विल खूप हसले. टोक एकदाच फिरवलं. केस पायरीवर पडले.

"याने लोणी लावू नकोस," म्हणाले. "जा वर."

उद्या टेकडी. मंगळवारी ला क्रॉस. गाडी मी चालवणार. ऑर्विलना विचारलेलं नाही, सांगितलंय.

येताना दुकानापाशी थांबले होते. नवा तपकिरी पट्टा लाइलच्या रविवारच्या पँटमध्ये ओवून ठेवलाय. त्याला अजून दिसलेला नाही.