दुसऱ्या बाकावरून वाचलेली गोष्ट

गुरुजी, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली आणि पत्र लिहायला आज बसलोय. उशिराची माफी असावी. उद्यापासून वस्तीच्या वाचनालयात मोठ्या माणसांचा वाचनवर्ग मी घेणार आहे. सातवी नापास माणूस! सकाळपासून चष्मा तीनदा पुसला. पण घेणार. पहिली गोष्ट तुम्ही शिकवलेलीच: कामगाराला पाच मिनिटं उशीर होतो आणि वॉचमन गेट लावून घेतो.

तेव्हा पिंपरीत कारखाने नवे होते. पहिली शिफ्ट सुटली की तेलकट हातांनीच आम्ही कामगार तुमच्या वाचनवर्गाला यायचो. मी उठून ठासून सांगतो, वॉचमन हरामी आहे, संपली गोष्ट. मागच्या बाकावरून कँटीनमध्ये भांडी घासणाऱ्या बाई म्हणतात, "गुरुजी, त्या कामगाराच्या बायकूनं पहाटं भाकरी बांधून दिली आसंल की. तिला काय वाटंल?"

"भाकरी कुठाय गोष्टीत? बाईंना सगळीकडं कँटीनच दिसतंय!" मी म्हणालो. वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत.

"तुम्ही लेथवर कातलेला जॉब कोण पास करतं?" तुम्ही मला विचारलंत.

"इन्स्पेक्शनवाला."

"तुम्ही का नाही?"

"आपलाच जॉब आपण कसा पास करायचा, गुरुजी?"

"मग गोष्टीचा आपला अर्थ आपणच कसा केलात पास? उठा, बाईंच्या बाकावर बसून वाचा."

मी वही उचलून तडक घरी गेलो. चार दिवस आलो नाही. पाचव्या दिवशी त्या बाकावर बसलो आणि 'तो माघारी वळला' या वाक्याशी अडलो. हातात न सोडलेली भाकरी, दारात त्याची बायको. मग तुम्ही वॉचमन होऊन वाचायला लावलंत. गेट उघडलं तर त्याचीच नोकरी जाणार होती. दोन पानांची गोष्ट, पण तिच्यात आता दोन घरं दिसत होती. आणि ज्यानं पाच मिनिटांचा नियम केला तो गोष्टीत कुठेच नाही, हेही तेव्हाच दिसलं. माझा राग गेला नाही, त्याला नीट पत्ता मिळाला.

उद्या कुणी भलतंच बोललं तर मी हसू देणार नाही. त्याच्या शेजारी जाऊन बसेन.

एक कबूल करतो. बाक बदलला, पण बाईंची माफी मागितली नाही. कँटीनमध्ये रोज त्यांनी दिलेला चहा खाली मान घालून घेतला. उद्या वर्गात आधी हेच सांगणार. हे पत्र वहीतच राहील. पण आपला जॉब आपण पास करायचा नसतो, गुरुजी. बरोबर वाचलंय का मी, तेवढं लवकर कळवा.