साडेचारच्या एसटीची कुस्ती

पुणे, ता. ४ फेब्रुवारी २०२४

तीर्थस्वरूप आबांस,
वैष्णवीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही स्वतःच रचता, म्हणून पत्र लिहितेय. आजीला वाचून दाखवा, गाळू नका.

बातमी वाईट आहे. आमच्या पेपरचं मुळशी पान २९ तारखेला शेवटचं निघणार. सूस-बावधनच्या बिल्डरांच्या जाहिराती मोबाइलवर गेल्या, मग पान कोणाच्या जिवावर चालवणार, असं साहेब म्हणाले. त्या अंकासाठी पौडच्या जुन्या वार्ताहराची एक आठवण हवी आहे. तीस वर्षं बातम्या पाठवलेला माणूस माझ्याच घरात आहे, हे मी ऑफिसात मिरवून झालंय. लिहायला बसा.

त्यासाठी जुने अंक चाळत होते, तर एप्रिल १९८३ मधली तुमची बातमी सापडली. ताम्हिणीकडच्या जत्रेतली अखेरची कुस्ती, ‘भोरच्या मल्लाकडून पौडचा जनार्दन चितपट’. आबा, हे आपले जनार्दनआजोबाच ना? लहानपणी आम्हाला अंगणात आडवं पाडून, भोरच्या पैलवानाला कसा लोळवला ते दाखवायचे तेच? हल्ली ते सूसला मुलाकडे, शेखरकाकांकडे असतात ना, रविवारी तिथे जातेय. कात्रण नेऊन आजोबांचं तोंड कसं होतं ते बघणार आहे.

आशीर्वाद असू द्या, आणि कानाचं मशीन डब्यात न ठेवता कानात ठेवा.

तुमची,
वैष्णवी


पौड, ता. ८ फेब्रुवारी

चि. वैष्णवीस,
आबाचे अनेक आशीर्वाद.

मशीन कानात आहे. त्यातून फक्त तुझ्या आजीचं बोलणं मोठं ऐकू येतं, म्हणून काढतो.

ते कात्रण जनार्दनला दाखवायचं नाही. त्याने ते तेव्हाच पाहिलं आहे. कुस्ती तोच जिंकला होता. नावांची अदलाबदल पुण्यात खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरने केली. आम्ही दोघं ऑफिसात जाऊन त्याला जाबही विचारून आलो होतो. विषय तिथेच संपला.

तुम्हा मंडळींना खुर्चीत बसून बातमी मिळते. आम्ही जत्रेच्या धुळीत बसून गुडघ्यावर लिहायचो आणि पाकीट एसटीच्या कंडक्टरच्या हाती द्यायचो. त्या रस्त्याला साडेचारची एसटी शेवटची. ती चुकली की बातमी शिळी. हे सगळं आठवणीत लिहीनच.

जेवणाची आबाळ करू नकोस. माया आहेच, ती काय पत्रात मावते?

तुझा,
आबा


पुणे, ता. १२ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप आबांस,
शि. सा. न. वि. वि.

सूसला गेले, कात्रण पिशवीतच ठेवलं. जनार्दनआजोबांचा गुडघा फारच धरलाय, नवव्या मजल्यावरून खाली उतरत नाहीत. मला पाहताच पुन्हा ती कुस्ती सांगितली. आणि त्या कंपोझिटरला अजूनही शिव्या घालतात.

आता एक शंका. त्याच जत्रेचा कार्यक्रम तुम्हीच दोन दिवस आधी छापला होता. त्यात अखेरची कुस्ती सायंकाळी पाच वाजता आहे. तुमची शेवटची एसटी साडेचारची. मग जी कुस्ती अजून लागलीच नव्हती, तिचा निकाल पाकिटात कोणी घातला? कंपोझिटरने तर नाही ना?

चिडवत होते, पण आजोबांचा चेहरा पाहिल्यापासून चिडवणं गोड लागेना. शेवटच्या पानावर दोन बोटं जागा मी राखून ठेवलीय. २५ तारखेपर्यंत खुलासा आला तर छापीन. त्यानंतर पानच नाही.

राग मानू नका, मानलात तर लवकर सोडा.

तुमची,
वैष्णवी


पौड, ता. १९ फेब्रुवारी

चि. वैष्णवीस,
आबाचे आशीर्वाद.

तुला पत्रकार होऊ दिलं ही माझीच चूक.

कुस्ती मी पाहिली नाही. पाकीट द्यायचं होतं म्हणून निकाल आधीच लिहिला आणि त्याच एसटीत बसलो. पौडची सगळी मंडळी माझ्याबरोबर परतली. जनार्दन एकटा मागे राहिला. दुसऱ्या दिवशी तो पेपर घेऊन दारात आला आणि म्हणाला, मी जिंकलो. मी घाबरलो. वार्ताहरकी गेली असती. कंपोझिटरवर ढकललं. जनार्दन ऑफिसात त्या गरिबावर तोंडसुख घेत होता, तेव्हा मी शेजारी उभा राहून भिंतीवरचं घड्याळ पाहत होतो.

पण एवढंच असतं तर मी कधीच सांगून टाकलं असतं. तो हरणार असं मी लिहिलं, कारण तो हरणार असंच मला वाटत होतं. लहानपणापासूनचा दोस्त, आणि माझा त्याच्यावर भरवसा नव्हता. हे त्याला कळलं तर तो माझं तोंड पाहणार नाही, या भीतीने एक्केचाळीस वर्षं काढली. तुझ्या आजीला सांगितलं, तर ती म्हणाली की तोंड बघायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या.

आठवण लिहीत नाही, हे छाप: ‘एप्रिल १९८३ च्या जत्रेतील अखेरची कुस्ती जनार्दन पैलवान यांनी जिंकली होती. आमच्या वार्ताहराने ती न पाहताच, ते हरतील असे गृहीत धरून बातमी पाठवली. कंपोझिटरचा दोष नव्हता. – हैबतराव, पौड.’

यातला एक शब्दही कापू नकोस.

तुझा,
आबा


सूस, ता. ३ मार्च

रा. रा. हैबतराव यांस,
जनार्दनचा रामराम.

तुजा खुलासा वाचला. शेखरनं चार पेपर आनलं आन् सोसायटीत वाटलं. हितली पोरं आता मला पैलवान आजोबा म्हनत्यात. लई बरं वाटलं.

मग तुजा राग आला. त्या कंपोझिटरला मी न्हाई न्हाई ते बोललो तवा तू भिंतीवरचं घड्याळ का बघत हुतास, त्ये आता कळलं. त्ये बी सोडलं असतं. पन मी हरनार असं तुला वाटलं, ह्ये मनाला लागलं. तुज्याशी जन्मात बोलायचं न्हाई असं ठरवलं. दोन दिस ठरवलेलं टिकलं. तिसऱ्या दिशी कागद घिऊन बसलो.

तवा आता मी सांगतो त्ये ऐक. कुस्ती कुनीच जिकली न्हाई. तुमची एसटी गेली, पाचाची कुस्ती सा वाजल्यावर लागली, आमी तासभर झटलो. अंदार पडला, पंचांनी बरोबरीत सोडवली आन् इनाम दोगांत वाटलं. दुसऱ्या दिशी पेपरात हरलो म्हनून वाचलं आन् तुज्या दारात तोंडातून निगून गेलं, जिकलो. बगायला पौडचं कुनी नव्हतंच. मग पोरास्नी सांगितलं, नातवंडास्नी सांगितलं, दरसाली येक डाव वाढत ग्येला.

खरं सांगू का? आनखी धा मिनटं चालली असती तर त्यानं मला पाडलाच असता. तुजा अंदाज बरोबर हुता, फकस्त तुजी एसटी लवकर हुती. आन् येवढ्या वर्सांनी खुलासा केलास, त्यो बी न बगताच.

आता पान बंद झालं, ह्यो खुलासा छापायला जागा न्हाई, ह्ये येक बरं झालं. वैष्णवीला सांगू नगंस.

माजा गुडघा उतरू देत न्हाई, तवा तूच ये. वयनीलाबी आन. शेखरनं तुज्या खुलाशाचं कात्रन फ्रेम करून भिंतीवर लावलंय. त्याच्याखाली बसून च्या घेऊ. कुनी इच्यारलं तर मी जिकलो म्हनून सांग.

लोभ व्हता तसा हाय.

तुजा,
जनार्दन