पुढचं पान

बाबा, सुदामा नगरचं घर आवरताना तुमच्या त्या जेलच्या नाटकाची वही सापडली. फेकणार होते, पण वाचत बसले आणि जुना राग होता तस्सा वर आला. माझ्या जन्माआधीचं ते नाटक आता कुणाला आठवतही नसेल. मिलच्या गणपतीत दरवर्षी तुम्ही त्यातला कैदी बाप व्हायचात. शेवटी तो सुटतो, फाटकाशी उभ्या मुलाला म्हणतो, "बाळा, मला माफ कर." मुलगा म्हणतो, "मी तुम्हाला ओळखत नाही." मग पानभर रडारड आणि मिठी. तुम्ही खरेखुरे रडायचात. खाली बायका डोळ्यांना पदर लावायच्या, "भिया, क्या रोल किया!" म्हणत लोक तुम्हाला खांद्यावर घ्यायचे. मी विंगेत प्रॉम्प्टिंगला. समोरचा अडला की लगेच पुढचं वाक्य द्यायचं, स्टेजवर शांतता पडू द्यायची नाही, एवढं एकच तुम्ही मला प्रेमाने शिकवलंत.

घरी मात्र तुमच्या तोंडून माफी कधी निघाली नाही. मिलला कुलूप लागलं त्याच महिन्यात तुम्ही कॉलेजात जाऊन माझं नाव काढून आलात. पैशाचा प्रश्न नव्हता, मला स्कॉलरशिप होती. "बाप घरी बसलाय आणि पोरगी कॉलेजात मिरवणार? लोग क्या कहेंगे? बस झालं आता!" आई चहा गाळत होती, तिने मान वर केली नाही. सोमवारपासून मी पोलोग्राउंडच्या फॅक्टरीत बिस्किटांचे पुडे भरायला लागले. तुमची लाज राखली गेली, माझं बी.एस्सी. गेलं. दुसऱ्याच्या पोरासाठी ढसाढसा रडणारा बाप होतात तुम्ही, तेही टाळ्या मिळणार असतील तर.

शेवटी हॉस्पिटलात तुम्ही दिवसभर त्याच नाटकातली वाक्यं बडबडायचात. एका दुपारी मी डाळीचं पाणी पाजत होते. तुम्ही माझं मनगट धरलंत, म्हणालात, "पोरी, मला माफ कर," आणि थांबलात. मी लगेच पुढचं वाक्य दिलं, "मी तुम्हाला ओळखत नाही." तुम्ही हात सोडलात आणि भिंतीकडे तोंड केलंत. त्यापुढचं पान मला पाठ होतं. ते मी दिलं नाही.

बाबा नाटकातलंच बोलताहेत असं वाटलं, हे मी आजवर सगळ्यांना सांगत आले. पण त्या नाटकात मुलगी नाहीच. हे मला तेव्हाही ठाऊक होतं.