आमच्या गल्लीची चावी

आबा, तुम्ही गेलात तेव्हा जेवढ्या वयाचे होता, त्याहून मी आता मोठा झालोय. तरी नळाला पाणी आलं की अजून सावरून बसतो. धाक तुमचाच, दुसरं काय!

संस्थान विलीन झालं, कचेरीतले साहेब बदलले, पण पालिकेची ती खांद्याएवढी लोखंडी चावी तुमच्या हातात तीच राहिली. कोपऱ्यावरचं झाकण उचलायचं, चावी खाली घालून व्हॉल्व्ह फिरवायचा, मग दांड्याला कान लावून पाणी धावतंय का ऐकायचं. बंद करायच्या आधी गल्लीभर हाळी द्यायची, की पाणी चाललं बायांनो, शेवटची घागर लावा. तुम्हाला दम्यानं धरलं आणि मी तुमच्या जागी बदलीवर लागलो. पहिल्याच आठवड्यात शाहूपुरीत हाळी न देता मी व्हॉल्व्ह बंद केला, पोटात कावळे ओरडत होते म्हणून. तुम्ही खोकत खोकत मला परत तिथं नेलंत आणि अर्ध्या राहिलेल्या घागरी विहिरीवरून भरायला लावल्यात. "लोकांची भांडी अर्धी ठिवून तुला घास कसा गिळतो रं?" एवढंच म्हणालात. बाकीचे चावीवाले वेळेआधी पाणी तोडून हॉटेलात बसत, बड्या घरांना तासभर सोडत, त्यांना कोणी विचारत नव्हतं. मला भयंकर राग आला. दोन दिवस तुमच्याशी बोललो नाही.

आणि मग तो उन्हाळा. कळंब्याचा तलाव तळाला गेलाय, पाण्याच्या अर्ध्या तासाचा पाव तास झालाय. आपल्या गल्लीला जास्त गेलं तर मागच्या गल्लीला थेंब मिळत नाही. तुम्ही अंथरुणाला खिळलेले. मी सकाळी आपला व्हॉल्व्ह उघडून घरात येतो, तर आई दारातच. "आज जरा चालू राहू दे की. ह्यांची अंथरुणं धुवायची हाईत." तिचे हात बघून मला नाही म्हणवेना. चावी भिंतीला टेकवून मी तुमच्याजवळ बसलो. पाव तास झाला, अर्धा झाला. परसात नळ धो धो चाललेला. तुम्ही डोळे न उघडता विचारलंत, "चावी फिरवून पाणी बंद केलंस न्हवं?"

मी म्हणालो, "व्हय आबा."

तुम्ही भिंतीकडं तोंड केलंत. ज्या माणसानं आयुष्यभर लोखंडाला कान लावून जमिनीखालचं पाणी ओळखलं, त्याला परसातला नळ ऐकू आला नसेल? का शुद्ध हरपत चालली होती? कुणाला विचारू मी! त्यानंतर तुम्ही बोललातच नाही. दुपारी गेलात.

मागच्या गल्लीतली एक म्हातारी आईजवळ येऊन बसली. म्हणाली, आज आमच्याकडं पाणीच आलं न्हाय, आबांचं काय खरं न्हाय ते तवाच समजलं. पुढं तीस वर्षं मी ती चावी वेळेवर फिरवली, एकदाही हाळी चुकवली नाही. त्यानं काय होणार?

हे कागद मी दरवेळी लिहितो आणि फाडतो. हाही फाडीन. पण आईपाशीही कधी बोललो नाही ते तुम्हाला सांगतो. आबा, घरात दुसरं पाणी नव्हतं. तुम्हाला शेवटची आंघोळ आम्ही मागच्या गल्लीच्या त्याच पाण्यानं घातली.