मीठ मी घातलं होतं

४ फेब्रुवारी
आला! वन्संचा चहा पुन्हा यादीत आला. कुठल्याशा मासिकाने सिनेमांतली ‘विसरता न येणारी पंचवीस दृश्यं’ निवडलीत, त्यात तिसरा नंबर. सकाळपासून वन्संचे तीन फोन. पहिला बातमी सांगायला. दुसरा, मी वाचलं का ते विचारायला. तिसरा, चष्मा सापडत नाही म्हणून — म्हणजे मी मोठ्याने वाचून दाखवावं. दाखवलं. नणंद आहे, करते काय!

समीक्षकाने अगदी जीव ओतलाय. म्हणे, मुलाने परस्पर लग्न केलंय, नवी सून पहिल्यांदा चहा घेऊन येते, सासू तो कप ढकलून देणार हे सगळ्यांना ठाऊक, आणि ती एक घोट घेते. एकही शब्द नाही. चाळीस सेकंद नुसता चेहरा. आधी राग, मग ओठ हलतात, मग डोळे भरतात, आणि ती दुसरा घोट घेते. ‘असा चेहरा पुन्हा होणे नाही.’

त्या दृश्यात मीही आहे म्हटलं. सून मीच. पाठमोरी. एक वेणी आणि डावा कान. कानाबद्दल मासिकात अवाक्षर नाही.

५ फेब्रुवारी
लिहूनच टाकते. एकतीस वर्षं पोटात ठेवलंय, वहीत ठेवायला काय हरकत?

त्या चहात मीठ होतं. मीच घातलं.

त्या दिवशी सकाळी मेकअपच्या खोलीत वन्संनी सगळ्यांदेखत सांगितलं की ही आमच्या भावाची बायको, म्हणून घेतलंय, नाहीतर हिला कोण विचारतंय. केस विंचरणारी बाईसुद्धा हसली. दृश्याला सुरुवात झाली. एक टेक झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. दर वेळी चहा नवा. चौथ्याच्या आधी कप माझ्या हातात होता आणि पलीकडे नाश्त्याच्या टेबलावर मिठाचं भांडं. दोन चमचे. चांगले भरून.

मला मान खाली घालून उभं राहायचं होतं, त्यामुळे वन्संचा चेहरा काही दिसला नाही. पण त्यानंतर दिग्दर्शक म्हणाले, ‘झालं, पुढचं लावा.’ पाचवा टेक नाहीच. सिनेमा लागला तेव्हा पडद्यावर पाहिलं — ओठ हलले, डोळे भरले. तोंडावर पदर धरून इतकी हसले की ह्यांना वाटलं मी रडतेय.

वन्संनी आजतागायत मिठाचं नाव काढलेलं नाही. काढतील कशाला! दर मुलाखतीत नवं कारण. एकदा म्हणाल्या आईची आठवण आली. एकदा म्हणाल्या श्वास रोखला होता. मागच्या वर्षी तर ‘शून्यात गेले होते’. मी आपली मान डोलावते.

९ फेब्रुवारी
जुने सिनेमे जपणाऱ्या संस्थेतली एक मुलगी आली होती. आमचा सिनेमा धुऊनपुसून नवा केलाय म्हणे. तेवीस तारखेला दाखवणार, समोर अभिनय शिकणारी मुलं, मंचावर वन्सं. आणि मी! मुलीने मला ओळखलं नाही तेव्हा मी वळून पाठ दाखवली. बिचारी गोरीमोरी झाली.

१५ फेब्रुवारी
ह्यांना मिठाचं सांगितलं. आणि हेही सांगितलं की तेवीसला मंचावर सांगणार. एवढी मोठी गंमत घेऊन मी मरायची नाही.

हे हसले नाहीत. पेपर घडी करून ठेवला. म्हणाले, ‘ताईने सत्तर सिनेमे केले. लोकांना तो एक चहा आठवतो. तिच्याकडे तेवढंच आहे.’

खरं आहे ते. चार वर्षं काम नाही, घरात एकट्या. कुणी वाण्याच्या दुकानात ‘तुम्ही त्या चहावाल्या ना’ म्हणालं की आठवडाभर खुशीत असतात.

मी म्हटलं, आणि माझ्याकडे काय आहे? एक कान! ह्यांनी पेपर परत उघडला.

१९ फेब्रुवारी
सांगणार.

२० फेब्रुवारी
नाही सांगणार. वन्संनी स्वतःहून फोन करून विचारलं, तू काय घालणार आहेस, मी त्याच रंगाचं घालत नाही. असं चांगलं वागलं की फार पंचाईत होते.

२३ फेब्रुवारी
सांगितलं.

ठरवून नाही, देवाशपथ. दृश्य दाखवलं, टाळ्या थांबेनात. मग प्रश्न सुरू झाले. वन्संना विचारलं, त्या क्षणी मनात काय होतं? वन्संनी श्वासाचं सुरू केलं. मी मान डोलावत होते. सगळं सुरळीत चाललं होतं. इतक्यात मागच्या रांगेतली एक मुलगी उठली आणि मला म्हणाली, तुमचा चेहरा दिसत नाही, तुम्हाला तेव्हा काय वाटत होतं?

एकतीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. घरच्यांनीसुद्धा नाही. माझी जीभ सैल सुटली. मेकअपची खोली, नाश्त्याचं टेबल, दोन चमचे — सगळं. आणि शेवटी म्हणाले की तो अभिनय नव्हता, तो खारट चहा होता.

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. तेव्हा कळलं मी काय करून बसले. वन्संकडे बघायची हिंमत होईना. मान खाली, अगदी सिनेमातल्यासारखी.

वन्संनी माइक घेतला. म्हणाल्या, ‘खारट होता. दोन नाही, तीन चमचे असतील. इतकी वर्षं मी एकटीच भाव खाल्ला. ते दृश्य आम्हा दोघींचं आहे.’

अशा काही टाळ्या पडल्या! मुलं मंचावर चढून आली, माझ्यासोबत फोटो काढायला. समोरून!

परतताना गाडीत वन्सं गुडघा चोळत होत्या. मी काहीतरी पुटपुटले, माफीसारखं. त्या म्हणाल्या, खिडकी लाव, वारा लागतोय.

२५ फेब्रुवारी
पेपरात आलं — ‘गाजलेल्या दृश्यामागे चिमूटभर मीठ’. चिमूटभर कसलं! फोटो माझा मोठा, वन्संचा कोपऱ्यात. वाणी आज वन्संना सोडून मला म्हणाला, तुम्ही त्या मीठवाल्या ना? वन्सं शेजारीच उभ्या होत्या. हसल्या. पिशवी घेऊन निघाल्या, सुटे पैसे घ्यायचेही विसरल्या.

मला फार आनंद व्हायला हवा होता. थोडा झाला. मग वाईट वाटलं, आणि वाईट वाटतंय याचा रागही आला.

२ मार्च
संस्थेतली मुलगी आली. आमच्या सिनेमावर पुस्तिका छापायची आहे, म्हणून घोळात पडलेली. शूटिंगच्या वेळी टिपून ठेवलेला कागद दाखवला. पिवळा पडलाय, पण अक्षर स्वच्छ. ‘टेक १ — उत्तम. हाच घ्यावा.’ खाली, ‘टेक ४ — बाईंनी तोंड वाकडं केलं. रद्द. बाई म्हणाल्या, पुन्हा नको, पहिलाच ठेवा.’

तीनदा वाचला. पहिल्या टेकला मी मीठ घातलंच नव्हतं.

मुलगी म्हणाली की कार्यक्रमाच्या आधीच वन्संना हा कागद दाखवला होता, त्या म्हणाल्या, हे मला कागदाशिवायही माहीत आहे. काल पुन्हा विचारलं तर म्हणाल्या, पुस्तिकेत मिठाचंच छाप, तिला बरं वाटतंय. मग आता नक्की काय छापू, असं तिने मला विचारलं.

मी म्हटलं, चहा गोड होता असं छाप. आणि लवकर जा, माझं मन बदलायच्या आत.