आधी टोचायचं, मग साखर

५ मार्च

चमचा ह्यांच्या दातांवर आपटला. साखरेचं पाणी निम्मं तोंडात, निम्मं हनुवटीवरून सदऱ्यावर. गिळा, म्हटलं. गिळलं. डोळे माझ्याकडे होते, पण बघत नव्हते.

मग हळूहळू माणूस परत आला. पहिलं वाक्य — "सदरा भिजवलास."

तेव्हा कुठे मशीन काढलं. बोट टोचलं. एकशे बारा. ठीक.

हे पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या. फूटपट्टी न लावता ओळ सरळ. त्यामुळे शुगर उतरली की मला दुसऱ्या खोलीतूनही कळतं — कप बशीवर वाजायला लागतो. ह्यांचा हात थरथरला म्हणजे झालंच. आणि कळलंय, तर स्ट्रिप कशाला वाया घालवा? विम्यातून रोजची एकच मिळते. ती मी साखर दिल्यावर वापरते. गाडी रुळावर आली की नाही बघायला.

आता डॉक्टरीणबाई म्हणतात, इन्सुलिनवरच्या माणसाने दिवसातून चारदा तपासायला हवं. विम्याकडे जास्त स्ट्रिप्स मागा.

८ मार्च

विम्याच्या ऑफिसात दोघंही गेलो. काउंटरवरच्या मुलीने मशीन तारेने कॉम्प्युटरला जोडलं. जुने आकडे पडद्यावर सरकत गेले. ती हसली.

"आजोबांची शुगर किती छान आहे! माझ्या बाबांची अशी असती तर!"

ह्यांची छाती फुगली. मी कोपराने ढोसलं.

"अगं, शुगर उतरते त्यांची. आठवड्यातून दोनदा तरी."

"पण आजी, सत्तरच्या खाली एकदाही गेलेली नाही."

"जाते. मी साखर देते, मग टोचते."

तिने आकडे पुन्हा वर सरकवून बघितले. वाईट वाटलं असावं तिला. मग म्हणाली, "मशीनमध्ये जे आहे तेच मला वर पाठवता येतं. खालचा आकडा दिसला तर जास्तीच्या स्ट्रिप्स मंजूर होतील. महिनाअखेरीपर्यंत आणून दाखवा."

म्हणजे इतके दिवस मी निगुतीने जे केलं, त्याने सगळं झाकून ठेवलं.

जिन्यावरून उतरताना हे म्हणाले, "इतकी चांगली बायको असणं महागात पडतं."

९ मार्च

डॉक्टरीणबाईंना विचारलं. आधी टोचलं तर चालेल का? चालेल म्हणाल्या. पाच सेकंदांत आकडा येतो. साखर दुसऱ्या हातात तयार ठेवा. फक्त गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नका, टोचत बसू नका, लगेच दवाखान्याची गाडी बोलवा.

सोपं आहे.

१३ मार्च

कप वाजला. मी धावले. आधी चमचा.

चमचा तोंडात गेल्यावर आठवलं. एकशे चार आले.

१७ मार्च

पुन्हा तेच. मशीन समोर होतं, स्ट्रिप लावलेली होती. हात साखरेकडेच गेला. हे शुद्धीवर आल्यावर हसले. "तुला नोकरीवरून काढायला हवं."

लेकीचा फोन. "आई, अगं पाच सेकंद. पाच सेकंदांत बाबांना काय होणार आहे?"

काही होणार नाही. मलाही कळतं. पण ती तिथे असती तर तिनेही चमचाच उचलला असता.

२० मार्च

आज ह्यांनी डोकं चालवलं. सकाळी पेपरामागून म्हणाले, "इन्सुलिनची सुई घेतो आणि नाश्ता करत नाही. तासाभरात पुरावा तयार. त्यांना आकडाच हवाय ना?"

"मुद्दाम?"

"मुद्दाम कसलं? उशिरा खातो एवढंच."

मी ताटली समोर ठेवली आणि ती रिकामी होईपर्यंत समोर बसून राहिले. त्यानंतर आमचं बोलणं बंद. खरं म्हणजे माझं बंद. ह्यांचं चालूच असतं.

२१ मार्च

संध्याकाळी म्हणाले, "चुकलंच माझं."

बरं, म्हटलं.

२६ मार्च

जेवणाआधी. हे खुर्चीत बसले होते. हात थरथरायला लागला. कपाळावर घाम. मी समोर बसले. गिळता येतं का ते बघायला घोटभर पाणी पाजलं. प्यायले. साखर उजव्या हातात होती ती टेबलावर ठेवली — हे लिहितानाही बरं वाटत नाही — आणि बोट धरलं.

बोट गार. हे माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, घरी जाऊया."

ह्यांची थोरली बहीण जाऊन खूप वर्षं झाली. मी तिच्यासारखी दिसत नाही.

टोचलं. थेंब येईना. बोट दाबलं. आला. मशीन मोजत राहिलं. मी चमचा उचलून ओठांपाशी धरून बसले. पाच सेकंद मोठे असतात.

एक्कावन्न.

"जाऊया," म्हटलं. "आधी हे प्या."

प्यायले. पंधरा मिनिटांनी तेच माणूस विचारत होतं, भाजीत मीठ विसरलीस का.

ताईचं मी सांगितलं नाही.

२८ मार्च

काउंटरवरच्या मुलीने एक्कावन्न बघितले. आज हसली नाही. "आजी, हे पहिल्यांदाच?"

"पहिल्यांदाच दिसतंय," मी म्हटलं.

तिने वर पाठवून दिलं. पाणी विचारलं.

१ एप्रिल

मंजूर.

हे म्हणाले, आजची तारीख बघ, थट्टा असेल.

४ एप्रिल

स्ट्रिप्सचे डबे आले. कपाटाचा एक कप्पा रिकामा करून लावून ठेवले. लेकीला कळवलं. ती म्हणाली, "आता तू निवांत झोप." हे म्हणाले, "आता ही मला चाळणीसारखं टोचणार."

कितीतरी दिवसांनी जेवताना माझं लक्ष ह्यांच्या हाताकडे नव्हतं.

५ एप्रिल

सकाळी हे टेबलाशी बसून शेजाऱ्यांच्या दाराची पाटी रंगवत होते. तोंड चालू — माझ्या चहाला नावं ठेवणं. स्ट्रिप्स आहेत म्हणून, काही कारण नसताना, डावं बोट मागून घेतलं आणि टोचलं. उजवा हात रंगवतच होता.

चव्वेचाळीस.

मशीन बिघडलं असेल म्हणून पुन्हा टोचलं. त्रेचाळीस.

ब्रश ठेवा, म्हटलं. हात पुढे करा. केला. जराही हलत नव्हता.

साखर दिली. डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, काही वर्षांनी शरीर दर वेळी सांगत नाही. हात न थरथरता आजवर किती वेळा उतरली असेल ते आता कळायचं नाही.